चांद्याचे बाबूराव शेडमाके



आमच्या उमरेड गावाहून जो रस्ता भिवापूर व नागभीड ह्या गावांवरून दक्षिणेकडे जातो, तो पुढे जुन्या चांदा जिल्ह्याच्या मुलखात शिरतो. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर होय. ह्याच जिल्ह्याचा पूर्वेकडील वनप्रदेश इ. स. १९८२ मध्ये वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्या प्रदेशातील एका पुरुषाचे चरित्र आज आपणांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. त्याचे कारण प्रथम सांगितले पाहिजे.

प्रतिवर्षी ऑक्टोबर महिन्याच्या २१ तारखेस चंद्रपुरातील कारागृहाच्या आवारात जो पिंपळाचा वृक्ष आहे, तेथे गोंड व इतर आदिवासी लोक मोठ्या संख्येने जमतात, व बाबूराव पुलेश्वर शेडमाके ह्यांचे स्मरण करितात. एका तरुण उपदेशक बंधूने मला विचारिले की, आपण जन्माने गोंड व विश्वासाने ख्रिस्ती. मग आपण तेथे जावे की न जावे? गेल्यास मंडळीतील वडील माणसे नाराज होतात. न गेल्यास गावचे भाऊबंद म्हणतात की, ज्यांनी बाबूरावांस फासावर चढविले त्या साहेबांचा धर्म तुम्ही घेतला, तेव्हा तुम्हांस लाज वाटणारच. हा प्रश्न ऐकून मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. अगोदर त्या पुरुषाचे जीवन नीट जाणून घ्यावे, मग उत्तर द्यावे, असे मला वाटले. जे समजले ते येथे लिहितो.

चांद्याचे राज्य मूळचे गोंड राजांचे. चांदा शहरास आजही जो भक्कम दगडी परकोट वेढून उभा आहे, तो त्यांनीच बांधला. आमच्या नागपूर-उमरेडच्या मुलखावर देवगडचे गोंड राजे राज्य करीत होते, तर चांद्यास त्यांचे दुसरे घराणे नांदत होते. इ. स. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांद्याचे राज्य आपल्या ताब्यात घेतले. तथापि वैनगंगेच्या पलीकडील दाट अरण्यात राजा बदलला म्हणून फारसे काही बदलले नाही. तेथे गोंड जमीनदार आपापल्या गावांवर अंमल करीत, वरच्या सरकारास टाकोळी म्हणून थोडी रक्कम देत, आणि वाटा व घाट राखीत. लोक जंगलात मोह, तेंदू व चारोळी वेचीत, धान पेरीत, शिकार करीत. जमीनदार हा त्यांना मालकापेक्षा घरातील वडिलासारखा वाटे. भोसल्यांनीही ह्या व्यवस्थेस बहुतेक हात लाविला नाही.

पुढे तिसरे रघूजी भोसले इ. स. १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले. गव्हर्नर जनरल डलहौसी ह्यांनी दत्तक मान्य न करिता १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा केले, आणि त्याबरोबर चांदाही इंग्रज कंपनी सरकारच्या हाती गेला. तेथे डेप्युटी कमिशनर नेमला गेला, कचेऱ्या आल्या, कागद आले. ज्या जमिनीविषयी आजवर कोणी कोणास कागद मागितला नव्हता, तिच्याविषयी कागदांवर निवाडे होऊ लागले. वडिलोपार्जित अधिकार आपल्यापाशी राहतील की जातील, ह्याची काळजी प्रत्येक जमीनदाराच्या घरात शिरली.

अशा एका घरात बाबूराव वाढले. त्यांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी किष्टापूर येथे झाला, असे मानितात. त्यांचे वडील पुलेश्वर हे मोलमपल्लीचे जमीनदार होते. बाबूरावांस शिक्षणासाठी रायपुरास पाठविण्यात आले होते, व तेथे त्यांना काही इंग्रजीही आले, असे त्यांचे चरित्र सांगणारे लोक म्हणतात. ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. रानात राहिलेला, बाहेरचे जग न पाहिलेला मनुष्य भीतीपोटी उठला, असे काही त्यांच्याविषयी म्हणता येत नाही. ज्या सत्तेशी पुढे गाठ पडली, तिचे बळ त्यांना निदान थोडे तरी ठाऊक होते.

इ. स. १८५७ च्या उन्हाळ्यात उत्तर हिंदुस्थानात मोठा उठाव झाला, हे आपण जाणताच. त्याच वर्षी जून महिन्यात नागपुरासही घोडदळातील काही शिपायांनी उठण्याचा बेत केला होता. परंतु तो आधीच उघडकीस आला व फसला. भोसले घराण्यातील वृद्ध बाकाबाई ह्यांनी आपले वजन शांततेच्या बाजूस टाकिले, आणि नागपूर शहर थंड राहिले. चांद्यासही ते वर्ष शांततेने गेले असे वरवर दिसले. पण बाबूराव स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी सुमारे ५०० आदिवासी तरुणांस एकत्र करून शस्त्रे चालविण्यास तयार केले. ह्या दलास जंगोम सेना म्हणून ओळखितात.

मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगण्यावर चालून जाऊन तो हस्तगत केला. आता हे लपून राहण्यासारखे नव्हते. चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन ह्यांनी जी फौज हाताशी होती ती घेऊन कूच केले. नांदगाव-घोसरी येथे मार्चच्या मध्यास लढाई झाली. तीत सरकारी सैन्यास माघार घ्यावी लागली, असे चांद्याकडे सांगतात. लवकरच आरपल्ली व घोट येथील जमीनदार व्यंकटराव हे बाबूरावांस येऊन मिळाले. दोघांच्या फौजेत गोंड होते, तसे रोहिलेही होते. गढीसुर्ल्याचा डोंगर, सगणापूर, बामनपेठ अशा ठिकाणी मार्च व एप्रिल महिन्यांत चकमकी झाल्या, आणि दोन्ही बाजूंची माणसे पडली.

ही लढाई कशी चालली असेल, हे ज्यांनी तो मुलूख पाहिला आहे त्यांना सांगावयास नको. सरकारी फौजेपाशी चांगल्या बंदुका व दारूगोळा होता. परंतु बैलगाडीच्या वाटेपलीकडे डोंगर, बांबूची बेटे व साग ह्यांशिवाय काही नव्हते. शिपायांना पाणी कोठे मिळेल हे ठाऊक नसे. गोंड तरुणास प्रत्येक झरा ठाऊक असे. शिपायांस धान्य लांबून आणावे लागे. गोंडांस गावोगाव घर होते. डोंगरावरून धोंडे लोटून देणे व मग झाडीत नाहीसे होणे हे त्यांचे युद्ध होते. दाविदाने शौलापुढून पळून अदुल्लामच्या गुहेचा आसरा घेतला, आणि जे गांजलेले, कर्जबाजारी व कडवट झालेले होते ते त्याच्याभोवती जमले, ही गोष्ट आपल्या शास्त्रात आहे. बाबूरावांच्या डोंगरातील दिवसांविषयी वाचताना मला ती आठवल्यावाचून राहिली नाही.

येथवर लिहिणे सोपे होते. आता जी गोष्ट लिहावयाची ती सोपी नाही; परंतु ती गाळली तर हे चरित्र खरे होणार नाही.

त्या दिवसांत इंग्रज सरकार तारायंत्राची तार त्या मुलखातून नेत होते. प्राणहिता नदीच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या तीन माणसांचा तळ होता. २९ एप्रिल १८५८ च्या रात्री बाबूरावांच्या लोकांनी त्या तळावर हल्ला केला. गार्टलँड व हॉल हे दोघे मारले गेले. पीटर नावाचा तिसरा मनुष्य कसाबसा निसटला, व पुढे कॅप्टन क्रिक्टन ह्यांस जाऊन मिळाला.

तार म्हणजे सरकारचा कान व जीभ होती. जी तार इंग्रजांस एका दिवसात दूरदूरच्या छावण्यांची बातमी देई, तिच्यापुढे रानातून धावणारा निरोप्या काय करील? तेव्हा बाबूरावांनी तार हेच शत्रूचे शस्त्र मानिले असेल, हे समजण्यासारखे आहे. तरीही ते दोघे शिपाई नव्हते. ते रोजगाराकरिता परमुलखात आलेले कामकरी लोक होते, आणि रात्री त्यांच्या मुक्कामावर मृत्यू आला. त्यांनाही कोठे तरी आया असतील. स्मरणाच्या सभेत ह्या दोघांचे नाव क्वचितच निघते, आणि इंग्रजांच्या जुन्या कागदांत तर त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या मरणाचे दुःख दिसत नाही. आपण ख्रिस्ती लोकांनी दोन्ही चुका टाळल्या पाहिजेत. हाबेलाचे रक्त भूमीतून ओरडते असे आपण मानितो. मग ते कोणत्या जातीचे, हे विचारून आपण कान उघडावे किंवा झाकावे, असे होऊ नये. डोंगरात पडलेल्या गोंड तरुणांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत. ती नावे देवाच्या पुस्तकात आहेत, आणि त्या दोघांचीही आहेत.

चिंचगुंडीच्या घटनेने क्रिक्टन ह्यांचा निश्चय अधिक कठोर झाला. परंतु फौज पाठवून बाबूराव हाती लागत नव्हते. तेव्हा त्यांनी दुसरी युक्ती केली. त्या सर्व भागात अहेरीची जमीनदारी सर्वांत मोठी होती, आणि तिचा कारभार लक्ष्मीबाई नावाच्या गोंड बाई पाहत होत्या. चिंचगुंडी त्यांच्याच मुलखात. क्रिक्टन ह्यांनी त्यांच्याकडे लिहून सरकारास साहाय्य करण्यास सांगितले. जे काम पलटणीने झाले नव्हते, ते ह्या पत्राने झाले. जुलै महिन्यात लक्ष्मीबाईंच्या लोकांनी बाबूरावांस धरिले. परंतु ते त्यांच्या हातून निसटले. पुन्हा पाठलाग झाला. शेवटी १८ सप्टेंबर १८५८ रोजी अहेरीच्याच लोकांनी त्यांना दुसऱ्यांदा पकडले, व चांद्यास पाठवून दिले.

सरकार ही सेवा विसरले नाही. पुढे व्यंकटरावांची आरपल्ली व घोट येथील जमीनदारी जप्त झाली, तेव्हा तीतील ६७ गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून देण्यात आली.

ह्या ठिकाणी अनेक लोक यहूदा इस्कर्योताचे नाव घेतील. मला तितक्या लवकर ते घेववत नाही. एका विधवेपेक्षा अधिक आधार नसलेल्या बाईमाणसासारखी त्यांची स्थिती होती. भोवती सर्वत्र राज्ये खालसा होत होती. सरकारचे पत्र दारी आले होते. नकार दिला असता तर अहेरीही गेली असती, असे त्यांना वाटले असेल. भिणाऱ्या माणसाचा न्याय करणे हे न भिणाऱ्यास सोपे वाटते. तथापि ६७ गावे ही गोष्ट राहतेच. भीतीने जे केले त्याचे मोल घेतले, म्हणजे ते कर्म निराळे होते. आणि बंधूंनो, हे केवळ राजेरजवाड्यांचे पाप नाही. आपल्या लहान लहान मंडळ्यांत पाहा. गावच्या पाटलाची मर्जी राहावी म्हणून, बांधाच्या तंट्यात दोन हात जमीन मिळावी म्हणून, आपण शेजाऱ्याविरुद्ध साक्ष देतो की नाही? कोणी मोठा मनुष्य पत्र लिहितो, आणि आपण आपल्याच भावास धरून देतो. किंमत ६७ गावांची असो की अर्ध्या एकराची, सौदा तोच आहे.

चांद्यास बाबूरावांवर खटला चालला. सरकारविरुद्ध शस्त्र उचलणे व तारखात्याच्या माणसांचे प्राण घेणे ह्या गुन्ह्यांस त्या काळी एकच शिक्षा होती, आणि न्याय करणारे तेच होते ज्यांच्याशी त्यांनी युद्ध केले होते. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगापाशी पिंपळाच्या झाडाला त्यांना फाशी देण्यात आली. त्यांचे वय अवघे २५ वर्षांचे होते. धरून आणिल्यापासून फाशीपर्यंत पाच आठवडेही लोटले नव्हते.

त्यांच्या मरणाविषयी त्या भागात पुष्कळ कथा सांगतात. बांबूच्या फुलापासून त्यांना असे सामर्थ्य प्राप्त झाले होते की, शस्त्र त्यांना लागत नसे, असे म्हणतात. फाशीचा दोर पुनःपुन्हा तुटला, असेही सांगतात. ह्या कथांवर आपण विश्वास ठेवावा असे मी म्हणत नाही. परंतु त्या हसण्यावारी नेण्यासारख्याही नाहीत. ज्या लोकांपाशी वर्तमानपत्र नव्हते, कचेरीत वशिला नव्हता, आणि ज्यांच्या बाजूने एकही कागद लिहिला गेला नाही, त्यांनी आपले दुःख ह्या कथांत साठविले. दोर तुटावा अशी त्यांची प्रार्थना होती. दोर तुटला नाही, आणि प्रार्थना मात्र कथा होऊन राहिली. ज्याने प्रिय माणसाच्या सुटकेसाठी रात्रभर प्रार्थना केली आणि सकाळी त्याचे प्रेत पाहिले, त्याला हे समजेल.

व्यंकटराव बस्तरच्या अरण्यात निघून गेले. तेथेही त्यांना थारा मिळाला नाही. बस्तरच्या राजाने त्यांना धरून इ. स. १८६० मध्ये इंग्रजांच्या स्वाधीन केले. त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, व सर्व मालमत्ता जप्त झाली. अशा रीतीने जो उठाव मार्चात सुरू झाला, तो दोन वर्षांत पूर्णपणे विझला.

आता भाऊबंदांच्या त्या टोमण्याकडे वळू या. बाबूरावांस फाशी देणारे अधिकारी ख्रिस्ती म्हणवीत होते, हे खरे आहे. ते नाकारून चालणार नाही. रविवारी उपासनेस बसणाऱ्या लोकांच्या सरकारने ज्यांची जमीन होती त्यांस न विचारता राज्य घेतले, आणि उठलेल्या तरुणास झाडाला टांगिले. अहाब राजाने नाबोथाचा द्राक्षमळा घेतला, तेव्हा तोही इस्राएलाच्याच देवाचे नाव घेणाऱ्या राष्ट्राचा राजा होता. परंतु देवाने आपला संदेष्टा एलीया ह्यास अहाबाची पाठ थोपटण्यास पाठविले नाही. वडिलोपार्जित भूमी परमेश्वराने दिली आहे म्हणून ती विकणार नाही, असे म्हणणाऱ्या नाबोथाच्या बाजूने शास्त्र उभे आहे. हे ज्याने वाचले, तो सत्ता व धर्म ह्यांस एक समजणार नाही.

त्याच काळी नागपुरास स्टीफन हिस्लॉप साहेब हे स्कॉटलंडच्या मिशनचे पाळक राहत होते. ते इ. स. १८४५ साली नागपुरास आले. त्यांनी शाळा चालविली, गावोगाव शुभवर्तमान सांगितले, आणि गोंड लोकांत बसून त्यांची भाषा, त्यांच्या चालीरीती व लिंगोची गीते लिहून घेतली. राज्य खालसा झाल्यावर नागपूर प्रांताच्या कारभारात जो अन्याय चालला होता, त्याविषयी त्यांनी स्वकीयांच्या सरकारावर वृत्तपत्रांतून टीका केली. इ. स. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटाकडून परतताना पुरात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांनी जमविलेली गोंडांविषयीची टिपणे १८६६ मध्ये छापली गेली. आजचे गोंड विद्वानसुद्धा ती उघडून पाहतात. म्हणजे एकाच देशातून आलेल्या दोन माणसांपैकी एकाने गोंड पुढाऱ्याचा पाठलाग केला, आणि दुसऱ्याने गोंडांचे म्हणणे ऐकून घेतले. ख्रिस्ताचा धर्म कोणत्या माणसाकडून आपणांस मिळाला, हे भाऊबंदांस शांतपणे सांगता येईल. रागाने सांगण्याचे कारण नाही.

आपल्या मनात आणखी एक भय असते. ते असे की, ख्रिस्ती झाल्यावर आपल्या पूर्वजांचे व भूमीचे प्रेम सोडावेच लागते. ह्याविषयी अमेरिका खंडातील एका पुढाऱ्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. तेथे अपाचे नावाचे वनवासी लोक डोंगर व वाळवंट ह्यांत राहत. त्यांच्यात जेरोनिमो हे प्रसिद्ध योद्धे होऊन गेले. मेक्सिको देशाच्या शिपायांनी त्यांच्या अनुपस्थितीत त्यांच्या तळावर येऊन त्यांची आई, पत्नी व तीन मुले ह्यांस ठार केले. तेव्हापासून त्यांनी मेक्सिकोशी, व पुढे अमेरिकेच्या सरकारशी अनेक वर्षे युद्ध केले. बाबूरावांप्रमाणेच त्यांचे बळ डोंगरात होते. आणि त्यांना शोधून काढण्यासही सरकारने त्यांच्याच जातीचे वाटाडे वापरिले. दिनांक ४ सप्टेंबर १८८६ रोजी ते शरण आले. त्यांना फाशी झाली नाही, परंतु पुढील २३ वर्षे ते कैदीच राहिले. कैदेत असता इ. स. १९०३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते सर्व प्रकारे आदर्श ख्रिस्ती झाले असे नाही. जुगाराच्या नादामुळे मंडळीने पुढे त्यांना दूर केले. पण इ. स. १९०५ मध्ये वॉशिंग्टन शहरी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांच्यापुढे उभे राहून त्यांनी एकच मागणी केली की, आपणांस व आपल्या लोकांस मायभूमीस परत जाऊ द्यावे. ती मान्य झाली नाही. १७ फेब्रुवारी १९०९ रोजी फोर्ट सिल येथे परक्या भूमीवर त्यांचा अंत झाला. बाप्तिस्म्याच्या पाण्याने त्यांचा देश त्यांच्या मनातून धुऊन गेला नाही, आणि तो धुऊन जावा अशी ख्रिस्ताची इच्छाही नव्हती. प्रभू स्वतः यरुशलेम शहर पाहून रडला.

बाबूरावांच्या मरणाने त्यांच्या लोकांचा प्रश्न संपला नाही. इ. स. १८७८ च्या जंगल कायद्याने रानावरील सरकारचा हक्क अधिकच घट्ट झाला, व ज्यांचे आजे-पणजे तेथे मोह वेचीत होते, त्यांना आपल्याच रानात चोरासारखे वावरावे लागले. भारत स्वतंत्र झाल्यावरही पुष्कळ वर्षे तीच स्थिती राहिली. पुढे इ. स. २००६ मध्ये वनहक्काचा कायदा झाला. आणि गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाने इ. स. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क कायद्याने मिळविला. त्या गावाने कोणाचाही प्राण घेतला नाही. सर्वांनी एकत्र बसून, सर्वांच्या संमतीने निर्णय करून, कागदास कागदाने उत्तर देऊन ते मिळविले. ज्या कागदाने एके काळी भूमी नेली, तो वाचावयास व लिहावयास शिकल्यावर तीच भूमी परत मागता आली. उपदेशक बंधूंनो, रात्रीच्या साक्षरतेच्या वर्गास कंटाळू नका, असे मी वारंवार सांगतो, त्याचे हेच कारण आहे. त्याच वर्षी भारताच्या टपाल खात्याने बाबूरावांच्या चित्राचे तिकीट काढिले. ज्यास एका सरकारने फासावर दिले, त्याचे चित्र दुसऱ्या सरकारने पत्रांवर डकविण्यास दिले.

आता त्या तरुण उपदेशकाच्या प्रश्नाचे उत्तर देतो. बंधो, तुम्ही अवश्य जा. तेथे नारळ फोडणे, दिवा ओवाळणे, झाडापुढे दंडवत घालणे हे तुम्ही करू नये, कारण आपली आराधना एका देवाचीच आहे. आणि ज्यांस ते करावयाचे असेल त्यांस तेथे उभे राहून बोलही लावू नये. तुम्ही पागोटे किंवा टोपी काढून स्वस्थ उभे राहा. जो पंचवीस वर्षांचा तरुण आपल्या लोकांकरिता घर व गादी सोडून डोंगरात गेला, त्याचा मान राखा. डोंगरात पडलेल्या अनाम गोंडांचे स्मरण करा. प्राणहितेच्या काठी मेलेल्या त्या दोघांचेही स्मरण करा. लक्ष्मीबाईंचा निवाडा देवावर सोपवा, आणि आपल्या हातून कोणी भाऊ धरून दिला गेला आहे काय, हे मनात शोधा. कोणी टोमणा मारिला, तर तो गिळा. त्यात जे खरे आहे ते कबूल करा. नंतर घरी येऊन मंडळीतील वडील माणसांस तुम्ही तेथे काय केले व काय केले नाही हे नम्रपणे सांगा. मला खात्री आहे की, ऐकून घेणारे पुष्कळ निघतील.

मीही ह्या वर्षी २१ ऑक्टोबरास चंद्रपुरास जाण्याचे योजिले आहे. आजवर त्या गावावरून अनेकदा गेलो, परंतु त्या पिंपळापाशी कधी थांबलो नाही, हे सांगताना मला संकोच वाटतो. झाडावर टांगिलेल्या एका निरपराध्यामुळे आपले तारण झाले, असा उपदेश मी वर्षानुवर्षे करीत आलो आहे. बाबूराव निरपराध नव्हते, आणि त्यांचे मरण ते मरण नव्हे. तरीपण ज्यांच्या प्रभूस सत्ताधाऱ्यांनी लाकडावर खिळिले, त्यांनी दुसऱ्या कोणत्याही झाडाजवळून मान फिरवून जाऊ नये, असे मला आता वाटते. ज्या बंधूंस बरोबर यावयाचे असेल, त्यांनी उमरेडच्या मंडळीत कळवावे. प्रभू आपणां सर्वांस सत्य बोलण्याचे व प्रीतीने बोलण्याचे सामर्थ्य देवो.

आपला बंधू,
उमरेड येथील एक पाळक